ड्रोन आले, तरी तोफगोळे पुरत का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या काळात सगळे देश पुन्हा १५५ मिलिमीटर व्यासाच्या तोफगोळ्यांमागे का धावत आहेत? एवढ्या प्रगत देशांना 'लोखंडाचा एक साधा गोळा' वेळेत का बनवता येत नाही? सैन्यं मधूनच रायफलच्या गोळीचं कॅलिबर, म्हणजे व्यासाचं माप, का बदलतात? आणि गोदामात तीस-चाळीस वर्षं पडून असलेला साठा खरोखर चालतो का?

माझ्या नोकरीची पंचवीसेक वर्षं दारूगोळ्याच्या तपासणीत गेली. तोफ डागणारा मी नव्हतो. तोफेपर्यंत जाणारी खोकी उघडायची, लॉट क्रमांक वाचायचा आणि 'हे द्या' किंवा 'हे बाजूला काढा' असं सांगायचं, हे माझं काम होतं. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो.

रायफलच्या काडतुसापासून सुरुवात करू, कारण तोफगोळ्याचं कोडं त्यातूनच सुटतं. काडतुसात चार वस्तू असतात: पुढे गोळी, तिच्यामागे पितळेचं कवच, कवचात दारू आणि बुडाशी प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी. कारखान्यातून निघतानाच या चौघांची गाठ कायमची मारलेली असते. सैनिकाने मॅगझिन भरायचं आणि चाप ओढायचा, बस्स. ते पितळी कवच दिसायला साधं असतं, पण त्याच्याइतकं काम दुसरं कोणी करत नाही. ते दारूला ओलीपासून जपतं. फैर झडते त्या क्षणी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटतं, त्यामुळे तापलेला वायू मागे सैनिकाच्या तोंडावर येत नाही. पुढच्याच क्षणी किंचित आकसतं आणि बाहेर फेकलं जाताना चेंबरमधली बरीच उष्णता सोबत घेऊन जातं. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त या मिश्रणाला शंभर वर्षांहून जास्त काळ कोणी हटवू शकलेलं नाही ते यामुळेच. सोव्हिएत घराण्यातली बरीच काडतुसं पोलादी कवचात येतात. ती स्वस्त पडतात आणि युद्धात तांब्याची ओढाताण झाली तरी अडत नाहीत, पण पोलाद पितळेसारखं पटकन आकसत नाही.

कॅलिबरचं म्हणाल, तर त्यामागचा हिशेब बहुतेक वेळा वजनाचा असतो. नाटोने १९५४ मध्ये ७.६२×५१ (पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा कवचाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये) हे काडतूस प्रमाण ठरवलं आणि १९८० मध्ये ५.५६×४५. दरम्यान सोव्हिएत युनियननेही एके-७४ सोबत ५.४५×३९ घेतलं होतं. ५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, ७.६२×५१ चं जवळजवळ दुप्पट. सैनिकाच्या पाठीवरचं ओझं तेवढंच ठेवायचं असेल, तर लहान काडतुसं दुप्पट नेता येतात. आणि लढाईत झडणाऱ्या बहुतेक फैरी कोणाला टिपण्यासाठी नसतातच. समोरच्याने डोकं वर काढू नये आणि तेवढ्यात आपली तुकडी पन्नास मीटर पुढे सरकावी, यासाठी त्या असतात. या कामाला संख्या लागते.

मग आता उलट वारं का? कारण समोरचा सैनिक चांगलं चिलखत घालू लागला आणि लढाईची अंतरं वाढली. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये ६.८×५१ चं नवं काडतूस आणि त्यासाठी सिग साउअरची रायफल निवडली. त्यात पितळी कवचाला पोलादी बूड जोडलेलं आहे, कारण आतला दाब एकट्या पितळेला झेपणारा नाही. किंमत काय मोजली? सात मॅगझिनमध्ये पूर्वी २१० काडतुसं जायची, आता १४० जातात. भारतानेही २०१९ मध्ये ७.६२×५१ च्या ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला, तो याच कारणाने: लांबवर आणि एका गोळीत परिणाम हवा. माझं मत विचाराल, तर मशीनगन आणि निवडक नेमबाजांसाठी मोठं काडतूस योग्य आहे, पण प्रत्येक सैनिकाच्या हातात ते देणं हा महागात पडणारा निर्णय ठरू शकतो. गोळ्या संपलेल्या सैनिकाला रायफलची ताकद उपयोगाची नसते.

कॅलिबर बदलणं कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात कारखान्याचे साचे, मॅगझिन, मशीनगनचे पट्टे, साठ्याची गोदामं, सरावाचं सगळं गणित बदलावं लागतं. म्हणूनच १८९१ मध्ये रशियाने घेतलेलं ७.६२×५४ आर हे काडतूस आजही पीकेएम मशीनगनमध्ये आणि द्रागुनोव्ह रायफलमध्ये धडधडतं आहे. एकशे तीस वर्षं उलटली, झार गेले, सोव्हिएत युनियन गेलं, काडतूस तेच.

गोळीच्या बाबतीत एक कायदेशीर मुद्दाही आहे. शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्यांना १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने बंदी घातली. त्या गोळीला 'डमडम' म्हणतात ते कोलकात्याजवळच्या डमडम इथल्या कारखान्यावरून. त्यामुळे सैन्यांची नेहमीची गोळी पूर्ण धातूच्या आवरणाची असते, तर पोलिसांना मात्र अनेक देशांत फुलणारी गोळी वापरता येते, कारण ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी असतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन्हीमागे आपापलं कारण आहे.

आता तोफेकडे येतो. खरी गोम इथे आहे.

काडतुसातली ती कायमची गाठ १५५ मिलिमीटरच्या तोफेत नसते, इथे घटक सुटे येतात. गोळा वेगळा, त्याच्या नाकावर बसणारा आणि तो कधी फुटायचा ते ठरवणारा फ्यूज वेगळा, चार्ज म्हणजे दारूच्या पिशव्या किंवा नळकांडी वेगळी, आणि प्रायमर वेगळा. पितळी कवच नसतंच, वायू अडवण्याचं काम तोफेचं ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं झाकण, करतं. हे असं सुटं ठेवण्याला कारण आहे. एक तर संपूर्ण फैर एकत्र बांधली तर ती हाताने भरणं फार अवघड होईल. दुसरं, तोफेला कधी सहा किलोमीटरवर मारायचं असतं, कधी चोवीसवर, म्हणून चार्ज कमी-जास्त करता यावा लागतो. तिसरं, फ्यूज आणि गोळा वेगवेगळे साठवले तर अपघात मर्यादित राहतो.

याचा अर्थ असा की 'आमच्याकडे एक लाख गोळे आहेत' या वाक्याला स्वतंत्रपणे काही अर्थ नाही. एक लाख गोळे, साठ हजार फ्यूज आणि चाळीस हजार चार्ज असतील, तर तुमच्याकडे चाळीस हजार फैरी आहेत. त्यातही ते तिन्ही एकाच वेळी एकाच तोफेपाशी पोचले तर. वर्तमानपत्रं गोळे मोजतात. तपासणीस जोड्या मोजतो.

गोळ्यावर नळीत काय गुजरतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. ४३ ते ४७ किलोचा पोलादी तुकडा काही मिलिसेकंदांत सेकंदाला सुमारे ८२५ मीटर वेग घेतो. नळीतल्या आट्यांत त्याच्या कमरेवरचा तांब्याचा पट्टा रुततो आणि गोळा सेकंदाला अडीचशेहून जास्त गिरक्या घेत बाहेर पडतो. या धक्क्यामुळे आणि गिरकीमुळेच फ्यूज जागा होतो. चांगल्या फ्यूजला दोन स्वतंत्र कुलपं असतात: एक मागे ढकलणाऱ्या धक्क्याने उघडतं, दुसरं फिरण्याने. हातातून गोळा पडला तर धक्का बसतो, पण तो फिरत नाही, म्हणून कुलूप शाबूत राहतं. तोफेतून सुटल्यावर मात्र दोन्ही उघडतात, आणि तेही गोळा नळीपासून पुरेसा दूर गेल्यावर. न फुटता जमिनीत रुतलेला गोळा इतका घातक का, याचं उत्तरही इथेच आहे. त्याची कुलपं उघडलेली असतात.

फ्यूज बदलला की तोच गोळा वेगळं हत्यार होतो. टेकताच फुटणारा, किंचित उशिरा म्हणजे छत भेदून आत गेल्यावर फुटणारा, ठरवलेल्या वेळी हवेत फुटणारा, आणि जमिनीपासून काही मीटर वर असतानाच रेडिओ लहरींनी अंतर ओळखून फुटणारा. हा शेवटचा, प्रॉक्झिमिटी फ्यूज, दुसऱ्या महायुद्धाची देणगी आहे. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेच्या हेलेना या युद्धनौकेने त्याच्या जोरावर पहिलं विमान पाडलं. जमिनीवर मात्र तो डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमकडच्या आर्देनच्या लढाईपर्यंत वापरू दिला नाही, कारण न फुटलेला एखादा जर्मनांच्या हाती लागेल ही भीती होती. खंदकातल्या माणसासाठी जमिनीवर फुटणारा गोळा आणि डोक्यावर फुटणारा गोळा यांत जगण्यामरण्याचा फरक आहे. चिखलात रुतून फुटलेल्या गोळ्याच्या निम्म्या किरचा जमीन गिळते.

आता लॉट क्रमांकाबद्दल. बाहेरच्या माणसाला हा कारकुनी विषय वाटतो, पण मला सगळ्यात जिव्हाळ्याचा तोच आहे. चार्जची दारू कारखान्यात एका वेळी ठरावीक प्रमाणात तयार होते, तो एक लॉट. दोन लॉटांचा जळण्याचा वेग तंतोतंत सारखा कधीच नसतो. वेगात सेकंदाला काही मीटरचा फरक पडला, तरी वीस किलोमीटरवर गोळा शंभर-दीडशे मीटर मागेपुढे पडतो. दारूचं तापमानही हिशेबात धरावं लागतं. नाटोची कोष्टकं, म्हणजे किती अंतरासाठी तोफ कशी लावायची ते सांगणारे तक्ते, २१ अंश सेल्सिअस धरून बनवलेली असतात. उन्हात उघडा पडलेला चार्ज जोरात जळतो, बर्फात ठेवलेला मंद. गोळ्याच्या अंगावर छोटे चौकोन रंगवलेले दिसतात, ते त्याच्या वजनाची प्रत सांगतात. एका चौकोनाचा फरक म्हणजे साधारण अर्धा किलो. निष्काळजीपणे प्रती मिसळल्या, की नेम गेला.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका सरावाला मी हजर होतो. पहिले दोन गोळे लक्ष्याच्या आसपास पडले, तिसरा बराच पुढे गेला, चौथा पुन्हा जागेवर. तोफचींनी तोफ तपासली, गणित पुन्हा केलं, निरीक्षकाला दोनदा विचारलं. सगळं बरोबर होतं. शेवटी मी चार्जची रिकामी नळकांडी पालथी करून क्रमांक वाचले. एका डेपोत खोकी बदलताना दोन लॉट एकत्र भरले गेले होते आणि वरच्या चिठ्ठीवर एकाच लॉटचा क्रमांक होता. सराव होता म्हणून डोंगरात खड्डा पडला, एवढंच. पण पायदळ लक्ष्यापासून चारशे मीटरवर दबा धरून बसलेलं असतं आणि तोफखान्यावर विश्वासून पुढे सरकणार असतं. तो तिसरा गोळा त्यांच्यावर पडला असता. त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर विश्वास ठेवणं सोडलं आणि खोकं उघडायला लागलो.

हलक्या प्रतीचा दारूगोळा काय करतो, याचं जाहीर उदाहरण २३ नोव्हेंबर २०१० चं आहे. उत्तर कोरियाने दक्षिणेच्या योनप्योंग बेटावर सुमारे १७० फैरी डागल्या. त्यातल्या ऐंशीच्या आसपास बेटावर पडल्या, बाकीच्या समुद्रात गेल्या आणि बेटावर पडलेल्यांपैकीही बऱ्याच फुटल्या नाहीत. संख्या मोठी होती, जोड्या कच्च्या होत्या.

कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, वेगळाच धडा मिळाला. उंचावर हवा विरळ असते, गोळा कोष्टकापेक्षा लांब जातो आणि डोंगरकड्यावरचं लक्ष्य थोडं चुकलं तरी गोळा पलीकडच्या दरीत. तरीही त्या लढाईत भारतीय तोफखान्याने गोळे, मॉर्टर बॉम्ब आणि रॉकेट मिळून सुमारे अडीच लाख फैरी झाडल्या. रोज पाच हजारांच्या आसपास, आणि टायगर हिल परत घेतली त्या दिवशी नऊ हजार. ही एका मर्यादित क्षेत्रातली, काही आठवड्यांची लढाई होती, हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

पाच हजार गोळे म्हणजे काय? एक गोळा ४५ किलो धरला तर नुसते गोळेच २२५ टन झाले. १५५ चे आठ गोळे एका पॅलेटवर बसतात, म्हणजे सव्वासहाशे पॅलेट. दहा टनी ट्रक धरले तर तेवीस. चार्ज, फ्यूज आणि खोकी अजून मोजलेलीच नाहीत. हे रोज, रात्रीच्या अंधारात, खराब रस्त्यावरून, आणि वर शत्रूचे डोळे असताना. ट्रकवरून डागलं जाणारं सोव्हिएत ग्राद रॉकेट घेतलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. एका बीएम-२१ गाडीवर चाळीस नळ्या, प्रत्येक रॉकेट सुमारे ६६ किलो. वीस सेकंदांत अडीच टनांहून जास्त माल संपतो, आणि तो पुन्हा भरायला दुसरा ट्रक शेजारी उभा असावा लागतो.

युक्रेनच्या युद्धाने हे गणित जगाला पुन्हा शिकवलं. २०२२ च्या उन्हाळ्यात रशिया दिवसाला हजारोंच्या पटीत गोळे टाकत होता. युक्रेनकडचा सोव्हिएत मापाचा म्हणजे १५२ आणि १२२ मिलिमीटरचा साठा संपत आला, म्हणून त्याला पाश्चात्त्य १५५ च्या तोफांकडे वळावं लागलं. तोफा आल्या, पण त्या एका घराण्याच्या नव्हत्या: अमेरिकी एम७७७, फ्रेंच सीझर, जर्मन पीझेडएच २०००, पोलिश क्राब. सगळ्या १५५ च्याच, तरी प्रत्येक देशाचा गोळा, चार्ज आणि फ्यूज दुसऱ्याच्या तोफेत डोळे झाकून घालता येत नाही. चेंबरचं माप, नळीची लांबी, चार्जचा प्रकार, गणकयंत्रातली कोष्टकं हे सगळं जुळावं लागतं. 'नाटोचं प्रमाण' हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की सगळं एकमेकांत बसतं. तिथेच घोडं पेंड खातं.

नळ्यांचंही तसंच. पूर्ण चार्जवर तोफेची नळी दोन-अडीच हजार फैरींत झिजते. युक्रेनला दिलेल्या काही जर्मन तोफा महिन्याभरातच दुरुस्तीला काढाव्या लागल्या, कारण जर्मनांच्या हिशेबात दिवसाला शंभर फैरी हाच खूप मोठा मारा होता. झिजलेल्या नळीतून चांगला गोळाही वाकडा जातो, म्हणून नळी हाही दारूगोळ्याचाच भाग समजावा, असं माझं ठाम मत आहे.

मग कारखाने वेग का घेत नाहीत? गोळ्याचं पोलादी शरीर बनवणं त्यातल्या त्यात सोपं. पोलादाचा तुकडा लालबुंद तापवून दाबाने पोकळ करायचा, तोंड आवळायचं, उष्णतेची प्रक्रिया करायची, कातायचं. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅंटनच्या कारखान्यात हे काम दशकानुदशकं चाललं आहे. अडचण पुढे येते. आत भरायचं स्फोटक वितळवून ओतलं जातं आणि ते थंड होताना आत पोकळी किंवा भेग राहता कामा नये. तोफेतल्या प्रचंड धक्क्याने ती पोकळी दाबली गेली, तर गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणून प्रत्येक गोळ्याची क्ष-किरण तपासणी होते. भरणीचा वेग त्या थंड होण्यावर आणि त्या तपासणीवर अडलेला असतो, तो मनुष्यबळ वाढवून वाढत नाही.

त्याच्याही मागे कच्चा माल. अमेरिकेने आपलं टीएनटीचं, म्हणजे गोळ्यात भरायच्या स्फोटकाचं, उत्पादन १९८६ मध्ये बंद केलं. त्यानंतर नाटोची मोठी भिस्त पोलंडमधल्या बिदगोश्च इथल्या एका कारखान्यावर राहिली. अमेरिकेने केंटकीत नवा टीएनटी कारखाना उभारायचा करार केला तो थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. चार्जसाठी लागणारी नायट्रोसेल्युलोज कशापासून बनते? मुख्यतः सरकीवर उरलेल्या कापसाच्या आखूड लवेपासून. युरोपात येणाऱ्या त्या लवेचा मोठा भाग चीनमधून यायचा. म्हणजे तोफखान्याचा एक धागा कापसाच्या बोंडाशी बांधलेला आहे, आणि तो धागा कोणाच्या हातात आहे हे युद्ध सुरू झाल्यावर लोकांनी पाहिलं. आता लाकडाच्या लगद्यापासून नायट्रोसेल्युलोज बनवण्यावर भर दिला जातो आहे.

परिणाम आकड्यांत दिसतो. युद्धापूर्वी अमेरिका महिन्याला सुमारे १४,००० गोळे बनवत होती. २०२५ पर्यंत ते एक लाखावर न्यायचं ठरलं. प्रत्यक्षात त्या वर्षी मजल चाळीस हजारांच्या आसपास होती. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये बारा महिन्यांत दहा लाख गोळे द्यायचं वचन दिलं आणि मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोचला. नाटोच्या लष्करी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष ॲडमिरल रॉब बाउर यांनी २०२३ मध्ये सांगितलं की एका गोळ्याची किंमत २,००० युरोंवरून ८,००० युरोंवर गेली. याचं मला नवल वाटलं नाही. तीस वर्षं सरकारांनी थोड्या थोड्या मागण्या दिल्या, आणि नव्या कारखान्यात पैसा घालणाऱ्याला दहा वर्षांची मागणी लेखी हवी असते. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये हेच झालं होतं. गोळ्यांच्या तुटवड्यावरून सरकार हादरलं, दारूगोळ्यासाठी स्वतंत्र मंत्रालय निघालं आणि लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. पुढच्या वर्षी सोमच्या लढाईआधी आठवडाभरात पंधरा लाख गोळे टाकता आले, पण घाईघाईत बनवलेल्या त्या गोळ्यांपैकी बरेच फुटलेच नाहीत.

ड्रोनचा प्रश्न आता सोपा होतो. ड्रोनने तोफखान्याचं काम बदललं आहे, यात वाद नाही. पूर्वी निरीक्षक टेकडीवर बसून दुर्बिणीतून गोळे सुधारायचा. आता ड्रोन वरून पाहतो आणि दुसरा-तिसरा गोळा जागेवर पडतो. २०२३ नंतर आघाडीच्या पट्ट्यात बरेच बळी एफपीव्ही ड्रोनचे, म्हणजे त्यांच्याच कॅमेऱ्यातून पाहत लक्ष्यावर आदळवल्या जाणाऱ्या छोट्या ड्रोनचे, आहेत, आणि युक्रेनला गोळे कमी पडले तेव्हा त्याने ती पोकळी ड्रोननेच भरली. पण एफपीव्हीच्या पोटाशी काय बांधलेलं असतं? पुष्कळदा आरपीजीचं (खांद्यावरून डागायच्या रॉकेटचं) स्फोटशीर्ष किंवा एक-दोन किलो स्फोटक. ते त्याच कारखान्यांतून येतं. रेडिओ जाम केला, धुकं पडलं, जोराचा वारा सुटला, की ड्रोन अडतो. साध्या गोळ्याला रेडिओ नसतो, त्यामुळे त्याला जाम करता येत नाही. उपग्रहावर चालणाऱ्या एक्सकॅलिबर गोळ्याचं उदाहरण बोलकं आहे. २००७ मध्ये इराकमध्ये त्याने कमाल केली, पण युक्रेनमध्ये रशियाने उपग्रहाचे संकेत दडपायला सुरुवात केल्यावर त्याची अचूकता एवढी घसरली की तो वापरणं परवडेना. धूर सोडणं, रात्री प्रकाश टाकणं, एका मिनिटात एका ठिकाणी अर्धा टन लोखंड आणि स्फोटक ओतणं, ही कामं अजूनही तोफेचीच आहेत.

तोफगोळ्यांचा तुटवडा किती खोल होता हे आणखी एका निर्णयातून दिसलं. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर गोळे दिले, कारण साधे पुरत नव्हते, आणि हे उघडपणे सांगितलं. एम८६४ या गोळ्यात ७२ छोटे बॉम्ब असतात. त्यातले थोडे जरी न फुटता पडले, तरी शेत वर्षानुवर्षं निकामी होतं. म्हणूनच २००८ मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा करार झाला आणि तो २०१० पासून लागू आहे. अमेरिका, रशिया, युक्रेन आणि भारत त्यात नाहीत. लिथुआनिया आत होता, तोही मार्च २०२५ मध्ये बाहेर पडला. सैनिकी गरज मला कळते. पण मी न फुटलेले छोटे बॉम्ब हाताळणाऱ्यांबरोबर काम केलं आहे, आणि लहान मुलाला खेळणं वाटावं अशा आकाराची ती वस्तू कोणाच्याही शेतात पडू नये असंच मला वाटतं.

शेवटचा भाग जुन्या साठ्याचा. चाळीस वर्षांचा गोळा चालतो का? पोलाद आणि टीएनटी नीट कोरडे राहिले तर दशकानुदशकं टिकतात. फ्यूज आणि प्रायमर ओलीने बिघडतात. खरी काळजी चार्जची. नायट्रोसेल्युलोज आपोआप, अगदी हळूहळू विघटित होत असते आणि त्यातून निघणारे वायू ते विघटन आणखी वाढवतात. म्हणून दारूत स्टॅबिलायझर मिसळलेला असतो. तो स्वतः खर्च होऊन ते वायू शोषतो. आमच्या प्रयोगशाळेत दर काही वर्षांनी प्रत्येक लॉटचा नमुना येतो आणि स्टॅबिलायझर किती उरला ते मोजलं जातं. ठरलेल्या पातळीखाली गेला, की तो लॉट नष्ट करायचा, कितीही तुटवडा असो. हे न केल्याचं फळ सायप्रसने भोगलं. एका जहाजावरून जप्त केलेले स्फोटक मालाचे ९८ कंटेनर मारी इथल्या नौदल तळावर दोन वर्षं उन्हात उघड्यावर पडून होते. ११ जुलै २०११ ला त्यांचा स्फोट झाला, तेरा माणसं गेली आणि शेजारचं देशातलं सर्वांत मोठं वीजकेंद्र उद्ध्वस्त झालं. पुलगावच्या डेपोतला ३१ मे २०१६ चा भडका आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

युद्धात तर शत्रू जाणूनबुजून तेच घडवून आणतो. युक्रेनने २०२२ च्या मध्यावर अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या हायमार्स रॉकेटांनी रशियाचे आघाडीजवळचे साठे उडवले, तेव्हा रशियाला डेपो मागे न्यावे लागले, ट्रकांच्या फेऱ्या लांबल्या आणि माऱ्याचा जोर उतरला. सप्टेंबर २०२४ मध्ये रशियातल्या तोरोपेत्सच्या डेपोवर ड्रोन आदळले, तेव्हा भूकंपमापकांनीही हादरा टिपला. अशा ठिकाणी गोळे, चार्ज आणि फ्यूज वेगळ्या, अंतर राखलेल्या कोठ्यांत असले तर एक कोठी जाते. जागा कमी पडली म्हणून सगळं एकत्र रचलेलं असलं, तर सगळंच जातं.

एक गोष्ट कोणी प्रत्यक्ष विचारली नाही, पण सांगून ठेवतो. जुना साठा बिघडलेला असला तरी तो न डागलेला आहे, त्याच्या फ्यूजची कुलपं बंद आहेत. डागून न फुटलेला गोळा ही वेगळीच वस्तू आहे. तो गंजलेला दिसतो, अर्धा मातीत असतो आणि निरुपद्रवी वाटतो. त्याला हात लावायचा नाही, हलवायचा नाही, खूण करून दूर व्हायचं आणि निकामी करणाऱ्यांना कळवायचं. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये शेतकऱ्यांच्या नांगराला १९१४ ते १९१८ चे गोळे आजही लागतात. शेतकरी ते शेताच्या कडेला ठेवतात आणि पथक गाडी घेऊन गावोगाव ते जमा करत फिरतं. ते बाजूला ठेवणंदेखील मला धोक्याचं वाटतं, कारण त्यातल्या कित्येकांचा फ्यूज शंभर वर्षांपूर्वी तोफेतून सुटतानाच जागा झालेला आहे.